वाचकांचे प्रश्न : वंशाची दोरी जीवाणूंच्या हाती

गेल्या अंकात या सदरात पचनाला मदत करणाऱ्या सूक्ष्मजीवांविषयी लिहिले होते. लेखाच्या ओघात असे एक विधान आले होते की काही जीवाणू यजमानाच्या पचनातच नव्हे, तर त्याच्या प्रजोत्पादनातही ढवळाढवळ करतात, आणि त्यातून नव्या प्रजाती घडण्यास हातभार लागतो असे काही शास्त्रज्ञ मानतात. त्या एका विधानावर बरीच पत्रे आली, आणि ती नेमकी व शंका घेणारी होती याचा आनंद वाटतो. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची ओळख गावापुरतीच ठेवली आहे.

प्रश्न : यजमानाला पिल्ले किती व्हावीत, त्यांत नर किती आणि माद्या किती, या गोष्टींत शरीरात आश्रयाला आलेल्या जीवाणूने का पडावे? आणि पडायचे म्हटले तरी एवढ्याशा जीवाला ते जमते कसे? बारावीच्या विद्यार्थ्यांना सांगता येईल असे उत्तर हवे आहे. (एक शिक्षिका, फोंडा)

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘का’ आधी उलगडला की ‘कसे’ समजणे सोपे जाते, म्हणून त्या क्रमाने जाऊ.

कीटकांच्या पेशींच्या आत राहणाऱ्या जीवाणूंना पुढच्या पिढीत जाण्याचा मुख्य मार्ग म्हणजे बीजांड. बीजांडात पेशीद्रव्य भरपूर असते आणि त्यात जीवाणूंना जागा मिळते. शुक्राणू मात्र घडताना आपले बहुतेक पेशीद्रव्य टाकून देतो, त्यामुळे त्याच्यातून जीवाणू सहसा पुढे जात नाहीत. म्हणजे आईकडचा जीवाणू तिच्या नर आणि मादी अशा दोन्ही पिल्लांना मिळतो खरा, पण नराच्या शरीरात गेलेल्या जीवाणूचा वंश तेथेच खुंटतो. अशा परिस्थितीत ज्या जीवाणूमुळे यजमानाला माद्या अधिक होतील, किंवा तो जीवाणू बाळगणाऱ्या माद्यांची संतती इतर माद्यांच्या तुलनेत अधिक टिकेल, तो जीवाणू पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाणार. यात जीवाणूचा काही हेतू आहे असे मुळीच नाही. हा नैसर्गिक निवडीचा साधा हिशेब आहे, आणि पुढच्या सगळ्या उत्तरांना आधार आहे तो याच एका गोष्टीचा, की हा वारसा आईकडूनच जातो. विद्यार्थ्यांना एकच गोष्ट सांगायची असेल तर हीच सांगावी.

आता ‘कसे’. या जीवाणूंमध्ये सर्वाधिक अभ्यासला गेलेला आहे वोल्बाकिया. 1924 साली हर्टिग आणि वोल्बाक या दोन अमेरिकी संशोधकांना तो क्युलेक्स जातीच्या डासांच्या जननेंद्रियांत आढळला, आणि 1936 मध्ये हर्टिग यांनी त्याला आपल्या सहकाऱ्याचे नाव दिले. त्यानंतर कित्येक वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. दरम्यान 1950 च्या दशकात जर्मनीतील हान्स लावेन यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. वेगवेगळ्या प्रदेशांतले क्युलेक्स डास दिसायला अगदी सारखे असूनही त्यांचा संकर केला की काही जोड्यांची अंडी फुटतच नसत, आणि पुष्कळदा नर-मादीची अदलाबदल करून तोच संकर पुन्हा केला की अंडी व्यवस्थित फुटत. दोष गुणसूत्रांत असता तर तो दोन्ही दिशांनी दिसायला हवा होता. तो आईच्या बाजूनेच उतरत होता, म्हणून कारण पेशीद्रव्यात दडलेले असावे असा निष्कर्ष लावेन यांनी काढला. ते कारण म्हणजे वोल्बाकिया, हे 1971 साली येन आणि बार यांनी दाखवून दिले.

क्युलेक्सची मादी साचलेल्या पाण्यावर शंभर-दोनशे अंडी उभी चिकटवून त्यांचा एक छोटा तराफा करते. आपल्याकडे बांधकामाच्या खड्ड्यात किंवा उघड्या गटारात काजळीच्या ठिपक्यासारखे जे काही तरंगताना दिसते ते बहुधा हेच असते. वोल्बाकिया बाळगणाऱ्या नराचा संयोग वोल्बाकिया नसलेल्या मादीशी झाला तर हा तराफा वरून अगदी नेहमीसारखाच दिसतो. शुक्राणू बीजांडात शिरलेलाही असतो. बिनसते ते पहिल्या पेशीविभाजनाच्या वेळी : आईकडची गुणसूत्रे वेळेवर तयार होतात, बापाकडची मागे पडतात आणि भ्रूण तेथेच मरतो. मादीत मात्र तोच जीवाणू असेल तर बीजांडात त्यावरचा उतारा हजर असतो आणि विकास सुरळीत चालतो. या प्रकाराला पेशीद्रव्यीय विसंगती म्हणतात. ती घडवून आणणारी दोन जनुके 2017 साली ओळखली गेली, आणि ती वोल्बाकियाच्या जीनोममध्ये (त्याच्या एकूण जनुकीय संचात) ठाण मांडून बसलेल्या एका विषाणूच्या भागात सापडली. म्हणजे डासाच्या आत जीवाणू, जीवाणूच्या आत विषाणू, आणि डासाची अंडी फुटणार की नाही हे ठरणार त्या विषाणूच्या वारशावर. मला स्वतःला या विषयातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

या विसंगतीचा परिणाम काय होतो तेही पाहावे. वोल्बाकिया असलेली मादी कोणत्याही नराशी संयोग करून पिल्ले घालू शकते. नसलेल्या मादीची अंडी मात्र चुकीचा नर गाठ पडला की वाया जातात. त्यामुळे जीवाणू बाळगणाऱ्या माद्यांचे प्रमाण झपाट्याने वाढते. कॅलिफोर्नियातील ड्रॉसोफिला सिम्युलन्स या फळमाशीत 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो वर्षाला सुमारे 100 किलोमीटर या वेगाने उत्तरेकडे पसरत गेला.

पेशीद्रव्यीय विसंगतीखेरीज आणखी तीन मार्ग ठाऊक आहेत : नर भ्रूण मारणे, नराची मादी करणे, आणि नराशिवायच माद्या जन्माला घालायला लावणे. त्यांतले काही पुढच्या प्रश्नांत येतात. कीटक व त्यांच्या नातलगांपैकी किती प्रजातींत वोल्बाकिया आहे याचे अंदाज साधारण 40 टक्क्यांपासून 66 टक्क्यांपर्यंत आहेत. खालचा आकडा धरला तरी पृथ्वीवरच्या सर्वांत यशस्वी जीवाणूंमध्ये त्याची गणना करावी लागते.

प्रश्न : उसातील खोडकिडीसाठी मी ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक आत वाढत असलेल्या पतंगाच्या अंड्यांचे कार्ड) लावतो. या मित्रकीटकाच्या काही जातींत फक्त माद्याच असतात आणि ते एका जीवाणूमुळे होते असे ऐकले. तसे असेल तर अशी कार्डे अधिक उपयोगी ठरणार नाहीत का? (एक शेतकरी, धारबांदोडा)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. ट्रायकोग्रामा हा एक मिलिमीटरहूनही लहान असा परजीवी कीटक गांधीलमाश्यांच्या दूरच्या नात्यातला आहे, आणि त्या सगळ्या कुळात लिंग ठरण्याची रीत आपल्यापेक्षा वेगळी असते. फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. ट्रायकोग्रामाच्या काही प्रजातींत वोल्बाकिया नेमका येथेच हात घालतो. अफलित अंड्यात पहिल्या विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांचे दोन संच वेगळे होण्याऐवजी एकत्रच राहतात, संख्या दुप्पट होते आणि जो नर व्हायचा त्याची मादी होते. 1990 साली स्टाउथॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ‘सर्व-मादी’ वाणांना प्रतिजैविक दिले, तेव्हा त्यांना पुन्हा नर होऊ लागले. अधिक तापमानात वाढवल्यासही नर परत दिसतात.

उपयोगाचे म्हणाल तर हिशेब दोन्ही बाजूंनी आहे. किडीच्या अंड्यात अंडी घालण्याचे काम मादीच करते, म्हणून केवळ माद्या वाढवणे प्रयोगशाळेला स्वस्त पडते आणि विरळ किडीच्या शेतात नर शोधत बसण्याची गरज उरत नाही. परंतु जीवाणू बाळगणारी मादी पुष्कळदा निरोगी मादीपेक्षा कमी अंडी घालते. आपल्याकडच्या उकाड्यात जीवाणूचा प्रभाव कितपत टिकेल हाही विचार करावा लागेल. आपल्याला मिळणारे कार्ड कोणत्या जातीचे आहे ते विचारून घ्यावे. मात्र कार्डाची परीक्षा तेवढ्यावर करू नये. ते ताजे आहे का, त्यावरची पतंगाची अंडी काळी पडलेली आहेत का (अंड्यात परजीवी वाढत असल्याची ती खूण आहे), आणि ते लावल्यानंतर आपण रासायनिक फवारणी टाळता का, यांवर फळ अधिक अवलंबून आहे.

या उदाहरणाचा आणखी एक पैलू पुढच्या चर्चेसाठी महत्त्वाचा आहे. काही परजीवी गांधीलमाश्यांत हा जीवाणू इतक्या पिढ्या राहिला आहे की प्रतिजैविक देऊन नर निर्माण केले तरी माद्या त्यांच्याशी संयोग करत नाहीत, किंवा त्या नरांचे शुक्राणूच निकामी निघतात. नरांची गरज उरली नाही, म्हणून नरांशी निगडित गुण झडत गेले. अशी मादी आपल्या मूळच्या नर-मादी असलेल्या नातलगांशी पुन्हा कधीच जोडली जाऊ शकत नाही.

प्रश्न : गेली काही वर्षे मी खोतीगावच्या परिसरात फुलपाखरांच्या नोंदी ठेवते. मोठा चांदवा या फुलपाखराच्या माद्या मला नरांपेक्षा जास्त दिसतात. यामागे नर मारणारा जीवाणू असू शकेल का? (एक निसर्गप्रेमी, काणकोण)

उत्तर : आपण विचारलेले फुलपाखरू या विषयात जगप्रसिद्ध आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो, पण आधी सावधगिरीचा शब्द. चांदव्याचा नर काळा, पंखांवर निळ्या झळाळीच्या पांढऱ्या ठिपक्यांचा, आणि आपली जागा धरून बसणारा असतो. मादी बरीच वेगळी दिसते व हबशी या बेचव फुलपाखराची नक्कल करत झाडोऱ्यात फिरते. दोघांच्या सवयी वेगळ्या असल्यामुळे कोण किती दिसले यावरून कोण किती आहे हे सांगता येत नाही. नर मारणाऱ्या जीवाणूची खरी खूण अंड्यांत मिळते. एका मादीची सगळी अंडी घेऊन पाहिली असता साधारण निम्मी न फुटता राहिली, आणि फुटलेल्या अंड्यांतून वाढलेली सर्व फुलपाखरे माद्याच निघाली, तर संशय बळावतो. एकाच मादीवर न थांबता अनेक माद्यांच्या अंड्यांची अशी नोंद ठेवता आली तर ती मोलाची ठरेल. मात्र खोतीगाव अभयारण्याच्या हद्दीत काहीही उचलण्यापूर्वी वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी.

प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवर याच प्रजातीत वोल्बाकिया नर भ्रूण मारत असे. 2001 साली तेथे शंभर फुलपाखरांत जेमतेम एक नर होता, आणि जुन्या नोंदी पाहता ही स्थिती 1920 च्या दशकापासून असावी. 2006 मध्ये तेथेच नरांचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवर गेलेले आढळले. जीवाणू नाहीसा झाला नव्हता. फुलपाखरांत त्याला निष्प्रभ करणारे जनुक पसरले होते, आणि तेही दहाहून कमी पिढ्यांत. नैसर्गिक निवडीचा इतका वेगवान आणि इतका स्पष्ट दाखला निसर्गात क्वचितच पाहायला मिळतो. त्याहून नवल असे की नर जगू लागल्यावर त्याच जीवाणूचा दुसरा चेहरा उघड झाला : जीवाणू बाळगणारे हे नर निरोगी माद्यांशी जुळले की पेशीद्रव्यीय विसंगतीमुळे अंडी मरू लागली. एक वाट बंद झाली तर दुसरी त्याच्याकडे आधीपासून होतीच.

रुईवर वाढणारे नारिंगी रंगाचे प्लेन टायगर आपण रोज पाहत असाल. केनियात नैरोबीच्या आसपास, जेथे या फुलपाखराच्या उपप्रजाती एकमेकींना भेटतात, तेथे स्पायरोप्लाझ्मा नावाचा दुसरा एक जीवाणू त्याचे नर मारतो. फुलपाखरांत मादीकडे डब्ल्यू हे गुणसूत्र असते आणि ते जीवाणूप्रमाणेच केवळ आईकडून मुलीला मिळते. तेथील माद्यांत पंखांचा रंग ठरवणारे एक अख्खे गुणसूत्र या डब्ल्यूला जोडले गेले आहे. परिणामी जीवाणू, डब्ल्यू आणि ते रंगाचे गुणसूत्र ही तिन्ही एकत्र प्रवास करू लागली आणि जीवाणूच्या प्रसाराबरोबर पंखांचा एक ठरावीक नमुनाही त्या भागात पसरला.

आपल्यासारख्या हौशी अभ्यासकांना येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आजकाल प्रजाती ओळखण्यासाठी डीएनए बारकोडिंगचा आधार घेतला जातो आणि प्राण्यांत त्यासाठी तंतुकणिकेतील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील) एक जनुक वापरतात. तंतुकणिकाही आईकडूनच येते. त्यामुळे वोल्बाकिया एखाद्या समूहात पसरला की त्याच्या बरोबरची तंतुकणिकाही पसरते, कधी कधी संकराच्या वाटेने दुसऱ्या प्रजातीतही शिरते. आपल्याकडे गवतावर भिरभिरणाऱ्या छोट्या पिवळ्या फुलपाखरांच्या जपानमधील दोन जवळच्या प्रजातींत नेमके असे घडलेले आहे. मग दोन वेगळ्या प्रजाती बारकोडवर एक दिसतात, किंवा एकाच प्रजातीच्या दोन दिसतात. सह्याद्रीत नवी प्रजाती सापडल्याचे जाहीर करण्यापूर्वी नमुन्यात वोल्बाकिया आहे की नाही हे तपासणे मला आवश्यक वाटते. ती चाचणी तुलनेने सोपी आहे.

प्रश्न : जीवाणू केवळ अंडी मारतो की खरोखर नवी प्रजाती घडवतो? आमच्या वर्गात यावर वाद झाला. प्रजाती घडायला डोंगर-नद्यांचा अडसर किंवा गुणसूत्रांतील बदल हवेत असे आम्ही शिकलो आहोत. (पदवीचा एक विद्यार्थी, डिचोली)

उत्तर : दोन समूहांमध्ये जनुकांची देवाणघेवाण थांबली की ते वेगळ्या वाटेने जातात, हे आपण शिकलात ते बरोबरच आहे. प्रश्न एवढाच की ती देवाणघेवाण जीवाणू थांबवू शकतो का, आणि पुरेसा काळ थांबवून धरू शकतो का.

एकाच बाजूला जीवाणू असेल तर अडसर एकतर्फी असतो, आणि आधी सांगितल्याप्रमाणे तो जीवाणू दुसऱ्या बाजूलाही पसरतो. सगळे बाधित झाले की विसंगती संपली. म्हणजे एकतर्फी विसंगती समूहांना तोडण्याऐवजी शेवटी एकाच जीवाणूखाली आणते. तोडण्यासाठी दोन्ही बाजूंना वेगवेगळे वाण हवेत, म्हणजे एकाचा उतारा दुसऱ्याला लागू पडत नाही आणि संकर दोन्ही दिशांनी फसतो. याचे सर्वोत्तम उदाहरण उत्तर अमेरिकेतील नॅसोनिया या परजीवी गांधीलमाश्या आहेत. पक्ष्यांच्या घरट्यांत वाढणाऱ्या माश्यांच्या कोशांवर त्या जगतात. नॅसोनिया गिरॉल्टी खंडाच्या पूर्वेकडे आढळते, लाँगिकॉर्निस पश्चिमेकडे, आणि दोघींचे वोल्बाकिया वेगळे आहेत. त्यांचा संकर होत नाही. परंतु बॉर्डेनस्टाइन, ओहारा आणि वेरन यांनी 2001 साली दाखवले की प्रतिजैविक देऊन जीवाणू काढून टाकले तर या दोघींची संकरित संतती जगते आणि तिला पुढे संततीही होते. म्हणजे या जोडीत जीवाणूचा अडसर आधी उभा राहिला आणि गुणसूत्रांतील मोठे बदल अजून व्हायचेच आहेत. आपल्या वर्गातल्या वादात जीवाणूच्या बाजूने बोलणाऱ्याने हे उदाहरण हाती धरावे.

विरुद्ध बाजूने बोलणाऱ्याला मात्र विचारता येईल की या दोन प्रजाती मुळात खंडाच्या दोन टोकांना राहतात, मग अंतराचा वाटा किती आणि जीवाणूचा किती? हा आक्षेप योग्य आहे. मला तर असे वाटते की जीवाणू एकटा क्वचितच प्रजाती घडवतो. दुसऱ्या कारणांनी पडलेली फट तो रुंद करतो. कॅनडातील अळंब्यांवर वाढणाऱ्या दोन फळमाश्यांकडे पाहावे. ड्रॉसोफिला रेसेन्समध्ये वोल्बाकिया जवळजवळ सार्वत्रिक आहे, सबक्विनारियात तो नाही. रेसेन्सच्या नराशी जुळलेल्या सबक्विनारिया मादीची बहुतेक अंडी मरतात. मग जेथे या दोन्ही माश्या एकत्र राहतात तेथील सबक्विनारिया माद्या रेसेन्सच्या नरांना नाकारताना दिसतात, आणि जेथे त्यांची गाठ पडत नाही तेथील माद्या इतक्या चोखंदळ नसतात. अंडी वाया जाण्याचा दंड जीवाणूने लावला आणि तो टाळण्यासाठी मादीची आवड बदलली. अशी बदललेली आवड गुणसूत्रांत उतरते, म्हणून उद्या जीवाणू नाहीसा झाला तरी ती टिकू शकते. हा दुवा मला एकूण चर्चेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण वोल्बाकियाची वस्ती एखाद्या प्रजातीत कायमची असेलच असे नाही.

जीवाणूचा ठसा कायमचा कसा होऊ शकतो याचा आणखी एक नमुना फ्रान्समध्ये अभ्यासला गेला आहे. ओल्या दगडाखाली राहणारा आणि बोट लागताच गोळीसारखा होणारा एक सांधेपाद प्राणी, आर्माडिलिडियम व्हल्गारे, यात वोल्बाकिया नरांना पूर्णपणे माद्या करतो. काही समूहांत त्यामुळे मादीचे मूळचे डब्ल्यू गुणसूत्रच नाहीसे झाले. आणि 2016 मध्ये असे उघड झाले की काही ठिकाणी वोल्बाकियाच्या जीनोमचा मोठा तुकडा यजमानाच्या गुणसूत्रात शिरला असून आता तोच मादी ठरवतो. जीवाणू गेला, त्याचा लेख मागे राहिला, आणि लिंगनिश्चितीची एक नवी पद्धत जन्माला आली.

पोटातील जीवाणूंविषयी जे दावे केले जातात त्यांकडे मात्र अधिक कठोरपणे पाहावे. 2010 साली इस्रायलमधील संशोधकांनी फळमाश्यांचे दोन गट स्टार्च आणि मळी अशा वेगळ्या आहारावर वाढवले. माश्या आपल्याच आहाराच्या जोडीदाराला पसंती देऊ लागल्या आणि प्रतिजैविक दिल्यावर ती पसंती नाहीशी झाली. या प्रयोगाची खूप चर्चा झाली. पण 2017 मध्ये दुसऱ्या एका गटाने तो काळजीपूर्वक पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम त्यांना मिळाला नाही. नॅसोनियाच्या व्हिट्रिपेनिस आणि गिरॉल्टी या दोन प्रजातींचे संकर पोटातील जीवाणूंमुळे मरतात या 2013 च्या निष्कर्षावरही गंभीर आक्षेप घेतले गेले. यजमान आणि त्याचे सर्व सूक्ष्मजीव मिळून उत्क्रांतीचे एकच एकक मानावे ही कल्पना आकर्षक आहे, परंतु जे सूक्ष्मजीव दर पिढीला बाहेरून नव्याने मिळतात त्यांना ती लागू करणे मला घाईचे वाटते. आईकडून निश्चितपणे मिळणाऱ्या सोबत्यांची गोष्ट वेगळी.

अशा सोबत्याचे एक उदाहरण आपल्याला परसातल्या वालाच्या वेलीवर पाहता येईल. वालाच्या कोवळ्या खोडांना चिकटून बसणारे, हिरवट-तपकिरी, गोलसर आणि हात लागताच दुर्गंध सोडणारे ढेकणासारखे कीटक आपण पाहिले असतील. हे आहेत मेगाकॉप्टा. यांची मादी अंडी दोन ओळींत घालते आणि त्या ओळींच्या खाली तपकिरी रंगाचे बारीक कण चिकटवते. भिंगाखाली अंडी उलटी करून पाहिली तर ते कण स्पष्ट दिसतात. प्रत्येक कण म्हणजे जीवाणूंनी भरलेली कुपी असते. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू दुसरे काही करण्याआधी आपली सोंड या कुपीत खुपसते आणि जीवाणू शोषून घेते. आईने मुलीला घरचे विरजण द्यावे तसा हा प्रकार आहे. कुप्या काढून घेतल्या तर पिल्ले त्या शोधत भटकतात, नीट वाढत नाहीत, आणि त्यांतून पुढचा वंश चालत नाही. जपानी संशोधकांनी 2007 साली दोन जवळच्या मेगाकॉप्टा प्रजातींच्या कुप्यांची अदलाबदल केली. त्यांतली एक सोयाबीनवरची कीड आहे, दुसरी सोयाबीनवर नीट वाढू शकत नाही. अदलाबदल होताच दोघींच्या सोयाबीनवरील अंडी फुटण्याच्या प्रमाणाचीही अदलाबदल झाली. कोणत्या झाडावर वंश वाढेल हे कीटकाच्या जनुकांनी नव्हे, सोबतच्या जीवाणूने ठरवले. आणि कीटकांत नव्या प्रजाती फुटण्याची एक नेहमीची वाट खाद्यवनस्पती बदलण्यातून जाते, हे आपण अभ्यासक्रमात वाचले असेलच.

प्रश्न : डेंग्यू रोखण्यासाठी वोल्बाकिया घातलेले डास सोडतात असे वाचले. आमच्याकडे पावसाळ्यात, विशेषतः चवथीच्या आगेमागे, दर वर्षी डेंग्यूची भीती असते. असे डास सोडल्यास एखादी नवी, अधिक घातक जात तयार होणार नाही ना? आणि हा जीवाणू माणसाला झाला तर? (एक गृहिणी, म्हापसा)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. वोल्बाकिया कीटक, कोळी, कवचधारी आणि काही कृमी यांच्या पेशींत राहतो, माणसाच्या किंवा कोणत्याही पृष्ठवंशी प्राण्याच्या पेशींत त्याची वस्ती होत नाही. घरात फिरणारे क्युलेक्स डास तो मुळातच बाळगून आहेत आणि ते आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या चावत आलेले आहेत.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास वोल्बाकिया बाळगत नाही. प्रयोगशाळेत फळमाशीतला वाण त्याच्यात घातला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या : त्याच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू पुरेसा वाढेनासा झाला, आणि पेशीद्रव्यीय विसंगतीमुळे जीवाणू डासांत आपोआप पसरू लागला. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातील केर्न्स शहरात असे डास प्रथम सोडले गेले. इंडोनेशियातील योग्याकार्ता येथील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात डेंग्यूचे प्रमाण 77 टक्क्यांनी आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण 86 टक्क्यांनी घटलेले आढळले. आपल्या देशात पुदुच्चेरी येथील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) संस्थेने असे दोन वाण विकसित केल्याचे 2022 मध्ये जाहीर केले.

नव्या जातीविषयीचे उत्तर वरच्या उत्तरातच आहे. सोडलेल्या डासांची स्थानिक डासांशी विसंगती एकतर्फी असते, त्यामुळे दोन गट वेगळे न पडता सगळेच हळूहळू बाधित होतात. याच तत्त्वाचा दुसरा वापर म्हणजे केवळ नर सोडणे. त्यांच्याशी जुळलेल्या स्थानिक माद्यांची अंडी फुटत नाहीत आणि डास कमी होतात. लावेन यांनी तो प्रयोग ब्रह्मदेशात रंगूनजवळच्या ओक्पो गावात क्युलेक्स डासांवर यशस्वी केला होता आणि त्याचा अहवाल 1967 साली प्रसिद्ध झाला. सिंगापूरमध्ये 2016 पासून एडिस डासांसाठी हाच मार्ग वापरला जात आहे. नर चावत नाहीत, हे आपल्या माहितीसाठी. यांपैकी कोणतीही योजना आली तरी अंगणातले पाणी साचू न देण्याला पर्याय नाही. नारळाच्या करवंट्या, झाडाखालच्या ताटल्या आणि छपरावरची निकामी भांडी आठवड्यातून एकदा पालथी करावीच.

आपल्याच पत्रात शेवटी हत्तीरोगाचा उल्लेख आहे. त्याचा वोल्बाकियाशी थेट संबंध आहे. हा रोग होतो तो वुचेरेरिया या कृमीमुळे, आणि तो आपल्याकडे क्युलेक्स डासांतून पसरतो. या कृमीच्या शरीरातही वोल्बाकिया राहतो, पण येथे तो कृमीची फसवणूक करत नाही. त्याच्याशिवाय कृमीच्या मादीला पिल्लेच होत नाहीत. म्हणून चार ते सहा आठवडे डॉक्सिसायक्लीन दिले की जीवाणू मरतात, कृमी वांझ होतात आणि कालांतराने मरतातही. आफ्रिकेत डोळ्यात उतरणारा लोआ लोआ हा कृमी त्याच कुळातला असूनही वोल्बाकिया बाळगत नाही, त्यामुळे त्याच्यावर या औषधाचा तसा परिणाम होत नाही. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना डॉक्सिसायक्लीन सहसा देत नाहीत. इतरांनीही ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. हत्तीरोगाची शंका असल्यास रक्ताची तपासणी करून घ्यावी. या कृमीची पिल्ले रक्तात प्रामुख्याने रात्री उतरतात, म्हणून काचपट्टीवर रक्त घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असेल तर नमुना रात्री द्यावा लागतो. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची वेळ विचारून जावे.